मदत हवी आहे: हात स्वच्छतेच्या अभ्यासात आधीचेच गुण फुगतात

जळगावात नर्सिंगच्या विद्यार्थिनींवर अभ्यास चालू आहे: प्रशिक्षणाआधी व नंतर वॉर्डात निरीक्षण, डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) 'पाच क्षणां'च्या, म्हणजे रुग्णसेवेत हात स्वच्छ करायलाच हवेत अशा पाच वेळांच्या, तक्त्यावर. अडचण अशी, की कोणी वही घेऊन उभं दिसलं की सगळ्या जणी पूर्ण 20-30 सेकंद हॅन्डरब (हात निर्जंतुक करायचं द्रव) चोळतात. पाठ फिरली की सलाईन बदलून, हात न चोळता थेट पुढच्या खाटेकडे. मग प्रशिक्षणाचा फरक दिसणार कुठून? हॅन्डरबच्या बाटल्यांचं वजन करून खप काढावा, तर नातेवाईकही तीच बाटली दाबतात. निरीक्षकाची सवय होईपर्यंतच्या, सुरुवातीच्या ड्यूटीच्या नोंदी सोडून द्याव्यात का? दोन निरीक्षकांमधला कोहेनचा काप्पा (दोघांच्या नोंदी किती जुळतात याचं माप) किमान किती धरता? धुळे-नंदुरबारकडे कोणी केलं असेल तर तक्त्याचा नमुना दाखवा. लेखी चाचणी मात्र सुचवू नका, त्यात सगळ्याच पास होतात.