सेंट ट्रिनियन्सचं जुनं पोस्टर: अस्सल की नक्कल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे जुनी पोस्टरं जमवणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. मी इंग्लंडात असतो. गेल्या रविवारी जुन्या बाजारात 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स' (१९५४) या ब्रिटिश विनोदी चित्रपटाचं पोस्टर दिसलं आणि ४० पौंडांना घेऊन टाकलं. घासाघीससुद्धा केली नाही. बायकोच्या मते तिथेच फसलो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मुलींची निवासी शाळा, मुली प्रयोगशाळेत चक्क जिन गाळतात. मुख्याध्यापिकाबाई झालाय अ‍ॅलेस्टर सिम, आणि बाईंचा रेसबाज भाऊही तोच. बाईचं सोंग म्हणून तो कुठेच अचकट-विचकट करत नाही. कर्जात बुडालेली, तरी मानेने ताठ अशी बाई उभी करतो. १९५७ च्या पुढच्या भागात तो जेमतेम दिसतो, आणि माझ्या मते मालिका तिथूनच उतरणीला लागली.

पोस्टरवर जीव जडायचं कारण मात्र वेगळं. ही शाळा मुळात रोनाल्ड सर्ल यांच्या व्यंगचित्रांतली. काटकुळे पाय, काळे मोजे, विस्कटलेले केस, चेहऱ्यावर खुनशी हसू. त्या रेषेसाठीच तर घेतलं!

आता शंका. ब्रिटिश 'क्वाड', म्हणजे तिथल्या थिएटरांसाठीचं ठरावीक मापाचं पोस्टर, आडवं, ४० × ३० इंच असतं. माझं दोन्ही बाजूंनी अर्धा इंच कमी भरतं. खालच्या कडेच्या बारीक ओळीतल्या अक्षरांची नुसती डोकी उरलीत, म्हणजे कड कापलीय. छापखान्याचं नाव तिथेच असणार. त्या काळी पोस्टरं घड्या घालूनच थिएटरांना जायची, तशा घड्या आहेत आणि बोटाला लागतात. पण उजव्या कोपऱ्यातली एक चीर दिसते, बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत! भिंगातून पाहिलं तर मोज्याच्या काळ्या रेषेला निळ्या-लाल ठिपक्यांची किनार आहे.

ठिपके जुन्या ऑफसेट छपाईतही असतात हे ठाऊक आहे. पण रेषेच्या कडेला असे यावेत का? की कुणीतरी अस्सल पोस्टरचा फोटो काढून, त्यावरून छापून, वर घड्या घातल्यात? कापलेली कड फ्रेमवाल्याची करामतही असू शकते, म्हणून मन मानत नाही.

उद्या उजेडात फोटो काढून टाकतो. तो विक्रेता येत्या रविवारी परत येणार आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.