मदत हवी आहे: पांढरी कोंबडी मलूल, पोट जड, अंडं बंद (धायरी, पुणे)

नमस्कार. घरी कोंबड्या पाळणाऱ्यांनी आणि लहानपणी दारात खुराडं असलेल्यांनी कृपया वाचा.

धायरीत आमच्या बैठ्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे चार कोंबड्या आहेत. तीन गावठी, वेल्ह्याकडच्या. चौथी पांढरी, एका लेअर फार्मने अंडी कमी झाली म्हणून मोडीत काढलेल्या लॉटमधली. वय दोन वर्षांच्या आसपास. इथे मोकळ्यावर आल्यावर ती पुन्हा जवळपास रोज अंडं द्यायला लागली. गेल्या महिन्यापासून मधूनच बिनकवचाचं, नुसत्या पापुद्र्याचं अंडं टाकायची. आता तेही बंद.

सध्याची अवस्था: पिसं फुलवून कोपऱ्यात उभी, डोळे अर्धे मिटलेले, शेपूट खाली. तुरा फिका पडलाय (एका बाजूला कललेला आधीपासूनच आहे, त्या जातीचा तसाच असतो). पाय फाकवून बदकासारखी चालते. पाणी पिते, दाण्याला नुसती चोच लावते. शीट पातळ, हिरवट-पांढरी. शिंका, घरघर, मान वाकडी होणं, यातलं काही नाही. बाकी तिघी ठणठणीत आहेत, उलट हिलाच टोचतात.

सासूबाई म्हणतात खुडूक (अंडी उबवायला) बसली असेल. शेजारचे काका म्हणतात मानमोडी आहे, आजच काय ते उरका, नाहीतर चारही जातील. त्यांचं 'उरका' म्हणजे काय ते कळलं असेलच. जवळच्या दवाखान्यात फोन केला तर ते फक्त कुत्री-मांजरं बघतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

रानवारा:
खुडूक नाही. खुडूक कोंबडी खोपा सोडत नाही, हात घातला तर फुगून चोच मारते. कोपऱ्यात उभी राहून पेंगत नाही. शिवाय फार्मच्या पांढऱ्या सहसा खुडूक होतच नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो गुणच काढून टाकलाय त्यांच्यातला. अंडं अडकलंय का बघा. कुंथते का?

खडकवासला_लोकल:
तांबडा की पांढरा, एवढंच ठरवायचं राहिलंय.

रानवारा:
असली प्रतिक्रिया आली नसती तरच नवल. ताई, दुर्लक्ष करा.

माजी_पोल्ट्रीवाला:
भोरला माझी गावरान पोल्ट्री होती, त्या अनुभवावर लिहितो. मानमोडी म्हणजे रानीखेत. ती आली की एकीवर थांबत नाही. लस नसलेल्या गावठी कोंबड्या दोन-चार दिवसांत पटापट पडतात, श्वासाला त्रास होतो, मान पिरगाळते, पाय लुळे पडतात. तुमच्याकडे एकच आजारी, तीही हळूहळू, आणि बाकीच्या मस्त. बर्ड फ्लूही याच कारणाने वाटत नाही. तरी एकाएकी दुसरी कुठली मेली तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा. ते मात्र टाळू नका.

आता तीन गोष्टी तपासा आणि इथे लिहा.

पहिली, गळ्याखालची दाण्याची पिशवी. रात्री खाणं काढून घ्या, पहाटे काही द्यायच्या आत चाचपा. निरोगी कोंबडीची पहाटे रिकामी असते. घट्ट गोळा लागला तर गवत-दोरा अडकलाय. मऊ, डुचमळणारी आणि तोंडाला आंबूस वास, तर आत आंबलंय.

दुसरी, छातीचं मधलं हाड. बोटाला धारदार लागलं, दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं, तर हा आजार काल-परवाचा नाही.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, दोन पायांच्या मधलं पोट. बाकीच्यांपैकी एकीला उचलून तिचं पोट आधी चाचपा, मग हिचं. फरक हातालाच कळेल.

आणि कृपा करून कोणी सांगितलं म्हणून तेल पाजून उलटी धरू नका. ते श्वासनळीत जातं आणि कोंबडी हातात मरते.

धागाकर्ती:
आज पहाटे बघितलं. पिशवी पूर्ण रिकामी नव्हती, मऊ होती, पण वास नाही. छातीचं हाड धारेसारखं लागतं. पोट मात्र गावठीच्या तिप्पट, ताणलेलं, आत पाणी हलल्यासारखं. म्हणजे अंग वाळलंय आणि वजन तेवढंच! उचलताना धष्टपुष्टच वाटायची, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. कुंथत नाही. पिशवी भरलेली आहे म्हणजे पिशवीचाच आजार ना? दही-ताक देऊ का?

माजी_पोल्ट्रीवाला:
नाही, इथेच फसायला होतं. पिशवी पहाटे भरलेली दिसली की सगळे तिच्याच मागे लागतात. पण खाली पोटात काही बिघडलं की वरचं पचन मंदावतं आणि पिशवी तुंबते. तुमच्या बाबतीत ती खूण आहे, कारण नव्हे. अंडं अडकलं असतं तर एक-दोन दिवसांत निकाल लागला असता, असं आठवडाभर रेंगाळलं नसतं, आणि कुंथली असती. पापुद्र्याची अंडी, मग अंडी बंद, मग पोटात पाणी, ही साखळी मला अंडाशयाकडे नेते. पण हे माझं मत. पोटातलं पाणी सुईने काढून बघितल्याशिवाय कोणी खात्रीने सांगू नये.

पशुवैद्य_इथलाच:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. अंडाशयातून सुटलेला बलक अंडनळीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात न जाता पोटाच्या पोकळीत पडतो, तिथे साचतो, ई. कोलायसारखे जंतू त्यावर वाढतात आणि पोटाच्या आतल्या आवरणाला सूज येते. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी द्यायला तयार केलेल्या जातींत हे बरंच दिसतं. मात्र पोटात पाणी यकृत, हृदय किंवा गाठीमुळेही होतं. सुईतून गढूळ पिवळं आलं तर बलक, स्वच्छ आलं तर इतर कारणांचा विचार.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, कोंबड्या तिथे बघतात. जाणं जमत नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून विचारा. तोवर तिला वेगळं, कोरडं, उबेत ठेवा. पावसाळी ओल आणि बाकीच्यांचं टोचणं, दोन्हींपासून लांब. दिवसाचा उजेड आठ-नऊ तासांवर आणा, खोक्यावर जाड कापड टाका. उजेड कमी झाला की अंडी तयार होणं मंदावतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका.

रानवारा:
खायला काय देता, ताई? नुसती ज्वारी-बाजरी आणि उरलेली पोळी असेल तर रोज अंडं देणारीला कॅल्शियम पुरत नाही. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तसा त्या खातात. मक्याला बुरशी आली असेल तर तो फेकून द्या, धुऊन-वाळवून वापरू नका.

धागाकर्ती:
दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी पोटातून पाणी काढलं, गढूळ पिवळं, त्यात बलकाच्या गुठळ्या. म्हणजे माजी_पोल्ट्रीवाला यांचा अंदाज बरोबर निघाला. सगळं काढलं नाही, एकदम काढलं तर कोंबडी धक्क्याने जाऊ शकते म्हणाले. इंजेक्शन दिलं, पुढचं औषध पाण्यातून. उमेद फार देत नाहीत. बरी झाली तरी पुन्हा भरेल, हे स्पष्ट सांगितलं. संसर्गजन्य नाही, त्यामुळे तिघींना औषध नको. काकांना हे सांगितलं, ते म्हणाले "बघू".

आज श्वास मोकळा वाटतोय. भिजवलेली बाजरी थोडी खाल्ली. दोन शंका: औषध चालू असताना तिने अंडं दिलंच तर? आणि ती गेली तर निदान नक्की करून घेता येतं का?

पशुवैद्य_इथलाच:
अंडं खाऊ नका, बाकीच्यांनाही फोडून घालू नका. औषध संपल्यावर किती दिवस टाळायचं ते औषधानुसार बदलतं, दिलेल्या डॉक्टरांनाच विचारा. गेली तर औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे शवविच्छेदनासाठी विचारा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठलं की आतले बदल नीट दिसत नाहीत. दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. तिघींच्या रानीखेतच्या लसीचंही डॉक्टरांशी बोलून घ्या, गावठी आहेत म्हणजे बहुधा झालेली नसणार.

धागाकर्ती:
झालेली नाही. उद्याच विचारते. शिंपल्याचा चुरा धायरी-सिंहगड रोड भागात कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का?