पेजमेकरमधले संस्थांचे अहवाल आता कशात न्यायचे?

लक्ष्मीपुरी_डीटीपी
कोल्हापुरात दूध संस्था, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल छापतो. सगळं काम पेजमेकर ७ (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीत (युनिकोडआधीचे मराठी फॉन्ट). दरवर्षी मागचीच फाइल उघडून आकडे बदलायचे, ही पद्धत. विंडोज एक्सपीचं मशीन आता कधीही बंद पडेल. सभा सप्टेंबरअखेर, त्याआधी हलायचंय. पानं मांडायला विकतचं इनडिझाइन की मोफतचं स्क्रायबस? जुन्या फाइलींचं काय?

प्लेटवाला
जुनं मशीन चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ फॉन्ट एम्बेड करून (फाइलीतच घालून) काढा. पुढं मजकूर ताडून बघायला तेवढीच खात्रीची प्रत उरणार आहे.

इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ७ ची फाइल थेट उघडतात; २०१३ च्या सीसी आवृत्तीपासून ती सोय गेली. कुणाकडं सीएस६ असेल तर तिथं उघडून आयडीएमएल (इनडिझाइनचा देवाणघेवाणीचा फाइल प्रकार) म्हणून सेव्ह करा. ते नवं इनडिझाइनही घेतं, स्क्रायबसही. फोटोंचं फोल्डर सोबत न्या, नाहीतर लिंक तुटतात आणि चेअरमनसाहेब धुरकट छापतात.

वेलांटी
फाइल उघडली तरी मजकूर श्रीलिपीच्याच कोडमध्ये राहतो. नुसता फॉन्ट बदलला की अक्षरांचा काला होतो. कन्व्हर्टरमधून युनिकोड (सगळीकडं चालणारा अक्षरांचा कोड) करावंच लागतं, आणि त्यात तुमच्या फॉन्टची नेमकी मालिका निवडायची.

कुठला मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये आहे हे कन्व्हर्टरला कळत नाही. सगळा मजकूर एकदम टाकला तर जीएसटी नंबर, ईमेल, इंग्रजी नावं यांचंही मराठी कडबोळं होतं. ते आधी बाजूला काढा.

नंतर ‘र्य’ शोधा. ‘कर्मचाऱ्यांचे’चं ‘कर्मचार्यांचे’ झालेलं सापडेल. पण सरसकट रिप्लेस करू नका, ‘कार्यकारी मंडळ’चं ‘काऱ्यकारी’ होईल. एकेक बघतच जायचं, कंटाळा आला तरी.

इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ स्टाइलला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावा. नाही लावला तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी अक्षराच्या मागं जाते. भाषा मराठी निवडा. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट घ्या.

लक्ष्मीपुरी_डीटीपी
आभार. पण ताळेबंद आम्ही टॅब मारून बसवलेत. ते स्क्रायबसमध्ये जमेल? आणि ऑपरेटरचा हात टाइपरायटर कीबोर्डवर बसलाय.

प्लेटवाला
ताळेबंद असतील तर स्क्रायबसच्या नादाला लागू नका, टेबलं तिथं लंगडी आहेत. संस्थेकडून एक्सेल मागा आणि इनडिझाइनमध्ये प्लेस करा. टॅबवाली जुनी पानं दुरुस्त करण्यापेक्षा नवी टेबल स्टाइल एकदा बसवलेली परवडते. पुढच्या वर्षी फक्त आकडे ओतायचे.

पत्रिका, हँडबिल, चार पानी नोटीस यांना स्क्रायबस १.६ पुरतं आणि पैसेही लागत नाहीत. एकरंगी काम असेल तर प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये सायन, मॅजेंटा, यलो बंद करून बघा. काही अक्षरं फिकी पडली तर काळा रंग आरजीबीतला (पडद्यासाठीच्या रंगांतला) आहे. शंभर टक्के के (छपाईची काळी शाई) करा, नाहीतर एका प्लेटचं काम चारवर जाईल.

वेलांटी
विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड आयता असतो. टाइपरायटरचीच सवय असेल तर रेमिंग्टन गेल हा टाइपरायटरसारखा लेआउट वेगळा टाका. बोटं बरीचशी तीच, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफारचा क्रम आधी तपासून घ्या. ऑपरेटर तिथंच अडतात.