जुनी इंची शीट क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय, माझ्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४६ एन या क्रमांकाच्या भागातल्या एका जुन्या नकाशा-शीटचा स्कॅन आहे, १ इंचाला १ मैलवाली, कंटूर (समान उंचीच्या रेषा) ५० फुटांचे. महूपुढे घाट उतरतो तिथे बेसॉल्टच्या पायऱ्या काय झकास उमटल्यात, रेषा आधी गच्च चिकटलेल्या आणि मग एकदम मोकळं पठार! पण कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन जिओरेफरन्स केलं, म्हणजे स्कॅन खऱ्या जागेवर बसवला, की चोरल नदी सरळ उतारावर चढते. डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसवालं) नाही, एव्हरेस्टचा एलिप्सॉइड (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) लागेल एवढं कळतंय, पण क्यूजीआयएसच्या यादीत मोजणीचा आधार (डेटम) म्हणून कल्याणपूर (आपल्या सिरोंजजवळचंच बरं का) १८८०, १९३७, १९७५ असे सगळे दिसतात. १९३०च्या आसपासच्या शीटला कोणता घेता? त्यावरून डब्ल्यूजीएस ८४ वर सरकवायचे शिफ्टचे आकडे कोणी वापरून पाहिलेत का?