प्रेस शॉपमध्ये पोरं टिकत नाहीत की आपणच टिकू देत नाही?

शॉपफ्लोअर_२२: भोसरीत एका प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, सुपरवायझर होतो. मालकाची एकच रड, पोरं पाचशे रुपयांसाठी शेजारच्या गाळ्यात पळतात. मला नाही पटत, पोरं मशीनला घाबरून पळतात. आमच्या प्रेसला दोन हातांची बटणं होती, म्हणजे दोन्ही हात बटणावर असले तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येणार. पहिल्याच आठवड्यात बघतो तर डाव्या बटणात लाकडाची पाचर आणि वरून काळी टेप, कारण तासाचं टार्गेटच असं की डाव्या हाताने जॉब (पत्र्याचा तुकडा) घालत उजव्याने बटण दाबलं तरच पुरं होणार. एकाची दोन बोटं गेली. पंधरा दिवसांत त्या शिफ्टचे चार जण राहिलेला पगारही न घेता गावी गेले.

गाळामालक: पाचर मालकाने ठोकली का? ऑपरेटरच ठोकतो, इन्सेंटिव्हसाठी. वरून कस्टमर दरवर्षी पीसचा रेट कमी करून मागतो, ते कुणी बोलत नाही.

वायरमन_दादा: पाचर चालते कारण वायरिंग स्वस्तातलं. टू हँड सेफ्टी रिले, म्हणजे दोन्ही बटणं तपासणारा स्विच टाका, त्यात दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबावी लागतात आणि दर स्ट्रोकला, म्हणजे रॅमच्या दर फेरीला, सोडावी लागतात. मग खुशाल ठोका पाचर, मशीन हलणार नाही.

गाळामालक: माझी प्रेस जुनी, की-क्लचची. स्ट्रोक सुटला की मधे थांबतच नाही, तिथे रिले काय आणि सेन्सर काय.

वायरमन_दादा: मग डायपुढे, म्हणजे साच्यापुढे, फिक्स जाळी लावा, जॉब घालायला चिमटा द्या. हात आत जायलाच नको.

नाईटशिफ्ट: आणि तास? २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाचे ९ चे १२ तास करायला मंजुरी दिली, म्हणे कामगाराची लेखी संमती घेणार. ठेकेदाराच्या पोराची संमती म्हणजे जॉइनिंगला कोऱ्या फॉर्मवर घेतलेली सही. अकराव्या तासाला माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो, मी झोपलोय.

गाळामालक: ओव्हरटाइम बंद केला तर हीच पोरं आधी जातील, मागच्या दिवाळीनंतर माझ्याकडची तशीच गेली.

शॉपफ्लोअर_२२: हे मात्र खरंय, मूळ पगारात खोलीभाडं पण निघत नाही. पण ओव्हरटाइम डबल रेटने द्यायचा हे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टपासून कायद्यात आहे, भोसरीत किती गाळ्यांत मिळतो सांगा. आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा? त्या बोटं गेलेल्या पोराचं कार्ड अपघात झाल्यावर संध्याकाळी काढलं, जॉइनिंग तारीख त्याच दिवसाची. पोरगा आठ महिने कामाला होता. हे बाकीच्यांनी बघितलं, म्हणून गेले.

गाळामालक: ते चूकच, माझ्याकडे पहिल्या दिवशी नोंद होते. जाळी पण लावतो, चिमटाही देतो. फक्त तासाचे पीस कमी झाले की कस्टमरला फोन तुमच्यापैकी कुणीतरी करा.