आईला दिसत नाही आता, दिवसभर घरी एकटी असते, फोन कसा शिकवू?

गिरगावची_स्नेहा:
नमस्कार मंडळी. काचबिंदूमुळे आईची नजर जवळजवळ गेलीये, उजेड-अंधार तेवढा कळतो. मी आणि नवरा सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्रीच उगवतो. दिवसभर बाई ठेवूया म्हटलं तर भडकली, "मला काय धाड भरलीये? दिसत नाही एवढंच ना!" स्वयंपाक अजून तीच करते. पण फोन वाजला की उचलायचं बटण सापडत नाही आणि खाली भाजीवाल्याला पैसे देताना नोट केवढ्याची ते त्यालाच विचारावं लागतं, याचा तिला फार राग येतो. मोठ्या बटणांचा फोन घेऊ की तो बोलणारा स्पीकर? तिच्याकडे साधा अँड्रॉइड आहे.

काठीवाला_डोंबिवली:
ताई काही विकत घेऊ नका आधी. मला जन्मापासून दिसत नाही, बँकेत आहे, रोज डोंबिवली ते सीएसएमटी एकटा करतो. प्लॅटफॉर्मवर आमचा, म्हणजे दिव्यांगांचा डबा लागतो तिथे बीप बीप वाजत असतं, त्या आवाजाच्या दिशेने जायचं, आणि बाकी सगळं खिशातल्या फोनवर. सेटिंग्जमधे अॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक आहे, फुकट, मराठीत बोलतो. वेग एकदम कमी ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी वैतागतील. बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते बोलतो, उघडायचं असेल तर दोनदा टकटक. आणि फोन आला की बटण शोधायचंच नाही, दोन बोटांनी स्क्रीनवर कुठेही दोनदा टकटक केलं की उचलला जातो, तसंच केलं की बंद. सुरुवातीला फक्त हेच शिकवा, व्हॉट्सअॅप-बिट्सअॅप नंतर. मुख्य म्हणजे त्या चाचपडत असताना "आण गं इकडे" म्हणून फोन हातातून घेऊ नका, माझ्या घरचे अजून घेतात.

चहाबाज_परळ:
+१, शेवटच्या वाक्याला तर दोनदा. माझ्या सासूबाईंना दिसत नाही. कपड्यावर रंगवायचा थ्रीडी आउटलायनर मिळतो ना, स्टेशनरीवाल्याकडे, त्याचे ठिपके काढलेत आम्ही, मिक्सरच्या बटणाला एक, वॉशिंग मशीनवर रोजच्या प्रोग्रॅमला दोन, वाळले की बोटाला टचकन लागतात. चहा ओतताना कपाच्या काठाला अडकवायचं छोटं यंत्र येतं, चहा काठाजवळ आला की पिंपिं करतं, आधी त्या कपात बोट बुडवून बघायच्या! वरळीला नॅब म्हणजे अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे अशा वस्तूंची चौकशी करा.

नाणी_नोटा:
नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं मनी अॅप आहे, २०२० मधे आलं, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते बोलतं, नेट लागत नाही. पण बाजारात गर्दीत फोन काढून उभं राहणं कटकटीचं. नव्या नोटांच्या डाव्या-उजव्या कडेला उठावाच्या तिरक्या रेषा असतात, शंभरला चार, पाचशेला पाच, दोनशेला चारच पण मधे दोन गोल. नोट मळकी झाली की रेषा लागत नाहीत, म्हणून घरीच अॅपने ओळखून पाचशेची उभी दुमडायची, शंभरची आडवी, असं काहीतरी ठरवून टाकायचं.

उगाच_शंका:
सगळं फोनवर, आणि चार्जिंग संपलं की? स्पीकर बरा की, सतत प्लगमधे.

काठीवाला_डोंबिवली:
@उगाच_शंका वायफाय गेलं की तो स्पीकर शोपीस. आणि भाजीला जाताना काय काखेत मारून न्यायचा? वेळ विचारायला, औषधाची आठवण लावायला ठीक आहे, घरात असेल तर वापरा. पॉवर बँक द्या आईला. ताई अजून एक, बाहेर एका कानातच इअरफोन, दुसरा रस्त्याला, नाहीतर ओटीपी अख्ख्या बसला ऐकू जातो. बँकेची कामं मात्र अजून छळतात, केवायसीला डोळे मिचकवा म्हणतात, आम्ही काय मिचकवणार. २०२५ च्या एप्रिलमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हे सगळं आम्हाला वापरता येईल असं करा, बघू कधी होतं. तोवर तुम्ही शेजारी बसा, पण बटणं त्यांनाच दाबू द्या.

गिरगावची_स्नेहा:
खूप आभार सगळ्यांचे. टॉकबॅक चालू केला, फोन उचलणं जमलं, बंद करणं अजून विसरते. आता मावशीला आवाजाचा मेसेज पाठवायचाय म्हणून मागे लागलीये. त्यात माइक दाबून धरावा लागतो, बोट ठेवलं की हा नुसता बटणाचं नावच सांगतो?

काठीवाला_डोंबिवली:
माइकवर बोट नेऊन दोनदा टकटक, पण दुसऱ्या वेळी बोट उचलायचं नाही, तसंच धरून बोलायचं, झालं की सोडायचं. सोडलं की लगेच जातो हं, आधी तुम्हाला पाठवून सराव करू दे.