इअरबड्सच्या लहरी आणि शिल्पाताईंची फुगलेली पॉवर बँक

सुनंदा काकू, बी-३०४: नातू दिवसभर कानात वायरलेस इअरबड्स घालून असतो. लहरी मेंदूला लागतात म्हणे. खरं का रे मनीष? तू टेलिकॉममध्ये आहेस ना?

मनीष, ए-१०२: हो काकू, टेलिकॉममध्येच आहे. इअरबड्स ब्लूटूथवर चालतात, ताकद काही मिलिवॅट. फोन कानाला लावला की त्याहून कितीतरी जास्त लहरी डोक्याजवळ येतात. त्यालाही बंधन आहे. शरीर किती ऊर्जा शोषतं याचं माप म्हणजे ‘सार’ (SAR). २०१२ पासून आपल्याकडे ते किलोमागे १.६ वॅटच्या आत हवं. फोनवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबा, बऱ्याच मॉडेलवर आकडा दिसतो.

मनीष, ए-१०२: रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो, तेव्हा लिफ्टमध्ये बोलणं टाळा. लांबलचक गप्पा स्पीकरवर. आणि नातवाला इअरबड्सचा आवाज कमी ठेवायला सांगा, कान खरे त्यानेच जातात.

शिल्पा, बी-२०१: मला तर बॅटरीचीच धास्ती बसलीय. परवा आमची पॉवर बँक फुगली. लेक रात्रभर उशीखाली ठेवून फोन चार्ज करायची. सकाळी कव्हरचा सांधा उघडलेला, गोडसर वास. मी दाबून बसवायला गेले!

मनीष, ए-१०२: ताई, अजिबात दाबू नका!! आता कुठे आहे?

शिल्पा, बी-२०१: बाल्कनीत, रिकाम्या कुंडीत.

मनीष, ए-१०२: छान केलंत. आत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तो फाटला किंवा वितळला की आतच शॉर्ट होतो, उष्णता वाढत जाते, ज्वलनशील वायू सुटतो. फुगणं म्हणजे तो वायू. परत चार्ज करू नका, सुक्या कचऱ्यातही नको. गाडीत कचरा दाबताना पेटते. ई-कचरावाल्यांनाच द्या.

सुनंदा काकू, बी-३०४: पेटलीच तर गोधडी टाकायची का?

मनीष, ए-१०२: नको काकू, उष्णता आतूनच तयार होते. आधी मेन स्विच बंद, माणसं बाहेर, १०१ ला फोन. छोटी असेल तर लांबून भरपूर पाणी. स्कूटरची असेल तर जवळही जायचं नाही. त्यावरून आठवलं, किरण, तुझी स्कूटर जिन्याखाली चार्ज होते. सी विंगला जिना एकच आहे रे. धूर सरळ वर चढेल, आणि सहाव्या मजल्यावर आप्पा वॉकरवर चालतात.

किरण, सी-००३: दादा, आप्पांचा विचारच केला नव्हता. आज रात्रीपासून बंद. पण पॉइंट कुठेतरी द्या, एक्स्टेन्शन बोर्ड गरम होतो हे मलाही जाणवतं.

देशपांडे काका, सचिव: रविवारी १० वाजता इलेक्ट्रिशियनला बोलावतो. कंपाउंडच्या भिंतीकडे, मोकळ्यावर, स्वतंत्र १५ अँपिअरचा पॉइंट काढू. किरण, तू हजर राहा.

सुनंदा काकू, बी-३०४: शिल्पा, ती कुंडी वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब ठेव गं.